रात्रीची तयारी, पहाटेची न्याहारी
भिलाईच्या पाळीतील घरांसाठी भिजवलेले ओट्स, बासी आणि धान्याच्या डब्याची निगा

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर पाळीच्या वेळेवर चालते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टी एकदा पेटली की तिला रविवार नसतो आणि सणही नसतो. म्हणून कारखान्याचा दिवस आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत विभागलेला असतो आणि हजारो कुटुंबांची झोप, जेवण व मुलांच्या शाळेची तयारी या पाळ्यांभोवती बेतलेली असते. सकाळी सहाच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला पाचच्या सुमारास घराबाहेर पडावे लागते. त्या वेळी चूल पेटवून पोहे-उपमा करणे रोज जमत नाही. मग चहा आणि दोन बिस्किटांवर दिवस सुरू होतो, नऊ-दहाला कडकडून भूक लागते आणि तळलेल्या पदार्थांवर ताव मारला जातो. भट्टीच्या उष्णतेत उभे राहून काम करणाऱ्याच्या बाबतीत ही सवय केवळ गैरसोयीची राहत नाही. वर्षानुवर्षे चालल्यास ती वजन, रक्तशर्करा आणि रक्तदाब यांच्या तक्रारींना हातभार लावते.

यावर उपाय एकच : सकाळचे काम रात्रीच उरकणे. पहाटे भूक लागल्यावर न्याहारीचा विचार करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. अलीकडे शहरी घरांत रात्री दुधात किंवा दह्यात ओट्स भिजवून सकाळी खाण्याची पद्धत रुळू लागली आहे. ही पद्धत सोपी आणि पौष्टिक आहे. मात्र ती जितकी सोपी दिसते तितकीच काही बाबतींत काटेकोर आहे. डब्यातील धान्य निरोगी असणे, भिजवण्याचे द्रव स्वच्छ असणे आणि रात्रभराचे तापमान योग्य असणे या तीन गोष्टी सांभाळल्या, तरच रात्रीची तयारी सकाळी आरोग्याच्या कामी येते.

बासी : या भूमीची जुनी रीत

रात्री भिजवून सकाळी खाण्याची कल्पना भिलाईला नवीन नाही. भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात ‘बोरे’ आणि ‘बासी’ हे दोन शब्द घरोघरी ठाऊक आहेत. शिजवलेला भात पाण्यात घालून काही तासांतच खाल्ला तर ते बोरे. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खाल्ला तर ती बासी. सोबत मीठ, गोंदली म्हणजे कांदा, हिरवी मिरची, पताल म्हणजे टोमॅटोची चटणी, एखादी पालेभाजी किंवा लोणचे. शेतात नांगर धरणाऱ्याची आणि बांधकामावर जाणाऱ्या मजुराची ही न्याहारी होती. आजही पुष्कळ ठिकाणी आहे. १ मे २०२२ रोजी, कामगार दिनानिमित्त, छत्तीसगड शासनाने नागरिकांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि श्रमिकांच्या या अन्नाला सार्वजनिक मान मिळाला. शेजारच्या ओडिशात हाच पदार्थ पखाळ म्हणून ओळखला जातो आणि २० मार्चला पखाळ दिवस साजरा होतो. बंगालमध्ये तो पांता भात, तर आसामात पोइता भात. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील मास्टरशेफ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत बांगलादेशी वंशाच्या किश्वर चौधरी यांनी पांता भातावर आधारलेले ताट परीक्षकांपुढे ठेवले होते.

मराठी वाचकालाही ही रीत परकी वाटू नये. ज्वारी किंवा नाचणीचे पीठ ताकात रात्रभर आंबवून केलेली आंबील, शिळ्या भाकरीचा दह्यातील काला, सकाळचा फोडणीचा भात ही सर्व त्याच विचाराची अपत्ये आहेत. शिवाय १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी विदर्भ आणि छत्तीसगड एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्गाने नोकरीसाठी भिलाईला गेलेल्या वैदर्भीय कुटुंबाला बासीच्या ताटात ओळखीची चव सापडली असल्यास नवल नाही.

बासीच्या गुणांविषयी मात्र अतिशयोक्ती टाळावी. भात भिजत असताना लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, पाणी किंचित आंबट होते आणि धान्यातील खनिजांना बांधून ठेवणाऱ्या फायटिक आम्लाचे काही प्रमाणात विघटन होते. त्यामुळे असलेल्या लोहाचा शरीराला मिळणारा वाटा वाढू शकतो. भाताच्या भांड्यात नवे लोह निर्माण होत नाही. भात थंड झाल्यावर त्यातील काही स्टार्चची रचना बदलून ते पचनास प्रतिकार करते, हेही खरे. परंतु पांढऱ्या तांदळात तंतू कमी आणि प्रथिने मर्यादित असतात. म्हणून बासीच्या जोडीला डाळ, भाजी, दही किंवा भाजलेले चणे असणे आवश्यक ठरते. ओट्सचा विचार येथे उपयोगी पडतो.

ओट्स : तणापासून न्याहारीपर्यंत

ओट हे धान्य, शास्त्रीय नाव अ‍ॅव्हेना सटायव्हा, मूळचे तण आहे. गहू आणि सातूच्या शेतांत ते नको असलेल्या पाहुण्यासारखे वाढत असे. पिके थंड आणि ओलसर युरोपात पोहोचली तेव्हा गव्हापेक्षा हे तणच अधिक जोमाने वाढू लागले आणि शेतकऱ्याने त्यालाच पीक म्हणून स्वीकारले. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी अशा पिकांना दुय्यम पिके म्हटले. भारतात ओट मुख्यतः रब्बी हंगामातील हिरव्या चाऱ्याचे पीक आहे. हिंदीभाषक भागात त्याला जई म्हणतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले हरिता हा चाऱ्यासाठीचा वाण दुग्धव्यावसायिकांच्या परिचयाचा आहे. म्हणजे ज्या पिकाची वैरण गोठ्यात जाते, त्याचेच दाणे प्रक्रिया होऊन स्वयंपाकघरात येतात.

ही प्रक्रिया समजून घेतल्यास भिजवण्याचे तंत्र आपोआप उमगते. ओटच्या दाण्यात स्निग्धांश इतर तृणधान्यांच्या तुलनेने अधिक असतो आणि तो विघटित करणारे लायपेज हे विकरही भरपूर असते. टरफल काढलेला दाणा तसाच ठेवला तर तो लवकर खवट होतो. म्हणून कारखान्यात दाण्याला वाफ दिली जाते. विकर निष्क्रिय होते आणि मग रोलरखाली दाणा चपटा केला जातो. बाजारातील रोल्ड ओट्स अशा रीतीने आधीच वाफवलेले असतात. त्यामुळे ते न शिजवता केवळ भिजवूनही खाता येतात. दाण्याचे तुकडे करून विकले जाणारे जाडे ओट्स मात्र रात्रभर भिजूनही कचकचीत राहतात. ते शिजवूनच घ्यावेत. झटपट होणारे अतिपातळ ओट्स भिजवल्यावर लगदा होतात. रात्रीच्या भिजवणीसाठी मध्यम जाडीचे साधे रोल्ड ओट्स सर्वांत योग्य. मसाला मिसळलेल्या तयार पुड्यांत मीठ बरेच असते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ अशी आहे. वेष्टनावरील सोडियमचा आकडा वाचूनच असा निर्णय घ्यावा.

ओट्सची खरी मातब्बरी बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूत आहे. हा तंतू पाण्यात विरघळून चिकट द्राव तयार करतो. भिजलेल्या ओट्सना येणारा किंचित बुळबुळीतपणा त्याचाच. आतड्यात या द्रावामुळे शर्करेचे शोषण मंदावते आणि पित्ताम्ले शरीराबाहेर पडण्यास मदत होते. ती पुन्हा तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. दररोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास साहाय्य होते, हे मान्य करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर तसा आरोग्यदावा छापण्याची मुभा दिली. १०० ग्रॅम ओट्समध्ये बीटा-ग्लुकन सुमारे ४ ग्रॅम असते. म्हणजे ४० ग्रॅमच्या एका वाटीतून रोजच्या गरजेचा निम्मा वाटा मिळतो. ओट्स औषध नव्हेत. चांगल्या आहारातील ते एक उपयुक्त धान्य आहे, एवढेच त्यांचे स्थान मानावे.

रात्री भिजवण्याची कल्पनाही पाश्चात्त्य जगात जुनीच. स्वित्झर्लंडमधील वैद्य मॅक्सिमिलियन बिर्चर-बेन्नर यांनी १९०० च्या सुमारास झुरिच येथे आपल्या रुग्णांसाठी जी म्यूसली बेतली, तिच्यात भिजवलेल्या ओट्सपेक्षा किसलेल्या सफरचंदाचा वाटा अधिक होता. आजच्या अनेक साखरमिश्रित पाकिटांना हा मूळ हिशेब विसरायला झाला आहे.

एका माणसाची वाटी

पुढील प्रमाण शारीरिक श्रम करणाऱ्या एका प्रौढ व्यक्तीसाठी आहे.

साधे रोल्ड ओट्स ४० ग्रॅम. उकळून पूर्ण थंड केलेले दूध १२० मिलिलिटर. ताजे दही ६० ग्रॅम. भाजून कुटलेले जवस १ चहाचा चमचा. भाजलेले शेंगदाणे १५ ग्रॅम. सकाळी घालण्यासाठी अर्धे केळे किंवा तेवढाच पेरू अथवा पपई.

१. झाकण घट्ट बसणारे काचेचे किंवा स्टीलचे भांडे गरम पाण्याने धुऊन कोरडे करावे. ओलसर भांडे घेऊ नये.

२. ओट्स ताटात पसरून एकदा नजरेखालून घालावेत. जाळी, भुंगेरे किंवा दुर्गंध आढळल्यास ते वापरू नयेत.

३. ओट्स व जवसाची पूड एकत्र करावी. त्यावर दूध आणि दही घालून ढवळावे. मिश्रण या वेळी पातळ दिसते. रात्रभरात ते आटोपशीर घट्ट होते.

४. झाकण लावून भांडे लगेच शीतकपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवावे. दारातील कप्पा वारंवार उघडझाप होत असल्याने तुलनेने उबदार राहतो. किमान ५ ते ६ तास भिजू द्यावे.

५. सकाळी शेंगदाणे आणि ताजे चिरलेले फळ घालून खावे. फळ रात्रीच चिरून घातल्यास पाणी सुटते आणि चव बिघडते. गोडी हवीच असल्यास दोन खजूर पुरेत.

अशा वाटीतून सुमारे ४०० किलोकॅलरी ऊर्जा आणि १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. जवस हे छत्तीसगड आणि पूर्व विदर्भाचे आपले पीक आहे. भाताच्या उभ्या पिकात उतेरा पद्धतीने ते पेरले जाते. त्यासाठी परदेशी बियांच्या महागड्या पुड्या आणण्याची गरज नाही.

ज्यांना सकाळी गोड नको, त्यांनी दूध वगळून १५० ग्रॅम दही आणि ६० मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. जिरे, कढीपत्ता व आल्याची थोड्या तेलातील फोडणी रात्रीच करून, पूर्ण थंड झाल्यावर मिसळावी. सकाळी बारीक चिरलेला कांदा, काकडी आणि चवीपुरते मीठ घालावे. दहीभाताच्या जवळ जाणारी ही चव बासी खाणाऱ्या घरात लवकर रुळते. वर लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शोषले जाण्यास मदत होते. याउलट खाण्यासोबतच घेतलेला चहा त्या शोषणात अडथळा आणतो. चहा तासाभराने घ्यावा.

ज्यांच्या आहारात तंतू फारसे नव्हते, त्यांनी पहिला आठवडा निम्म्या प्रमाणाने सुरुवात करावी आणि पाणी भरपूर प्यावे. अन्यथा पोट फुगते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी न्याहारी बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण शेत, वाहतूक आणि गिरणी या सर्व टप्प्यांवर ओट्समध्ये गहू मिसळण्याची शक्यता असते.

भिलाईचा उन्हाळा आणि रात्रीचे भांडे

मे महिन्यात या भागातील तापमान अनेकदा ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि रात्रीही घरातील भिंती तापलेल्याच असतात. अन्नातील बहुतेक रोगकारक जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात वाढतात. दूध घातलेले ओट्स अशा खोलीत रात्रभर ओट्यावर ठेवणे म्हणजे जिवाणूंना निमंत्रण देणे. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ खोलीच्या तापमानाला ठेवू नये आणि थंड साठवणूक ५ अंशांखाली असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस येथे अक्षरशः पाळावी.

भाताच्या बाबतीत बॅसिलस सिरियस या जिवाणूचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचे बीजाणू भात शिजतानाच्या उष्णतेतही टिकतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर ते अंकुरतात, वाढतात आणि ओकाऱ्या आणणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून शिळा भात पुन्हा तापवला की तो निर्धोक झाला, हा समज चुकीचा आहे. बासीमध्ये तयार होणारे आम्ल अशा जिवाणूंना आवर घालते, परंतु पाणी आंबट होण्यापूर्वीचे काही तास नाजूक असतात. त्यामुळे भात शिजल्यावर फार वेळ न दवडता पसरून थंड करावा, पिण्यायोग्य स्वच्छ पाण्यात बुडवावा, शक्य तितक्या गार जागी ठेवावा आणि सकाळीच संपवावा. हलका आंबट वास स्वाभाविक आहे. तार सुटणे, बुरशी किंवा कुबट वास आढळल्यास अन्न टाकून द्यावे. लहान बालके, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांना ताजे अन्नच द्यावे.

रविवारी पाच डबे भरून आठवडाभर पुरवण्याची पद्धत काही ठिकाणी सांगितली जाते. जेथे वीज अधूनमधून जाते आणि शीतकपाट खच्चून भरलेले असते, तेथे ती अनुसरू नये. एका वेळी फार तर दोन सकाळींची तयारी करावी.

शीतकपाट नसलेल्या घरासाठी कोरडी तयारी हाच सुरक्षित मार्ग आहे. ओट्स मंद आचेवर खमंग भाजून थंड करावेत. त्यात फुटाण्याचे पीठ, जवसाची पूड आणि कुटलेले शेंगदाणे मिसळून चार-पाच दिवसांचे मिश्रण हवाबंद डब्यात ठेवावे. पहाटे चार मोठे चमचे मिश्रणात उकळते पाणी किंवा नुकतेच उकळलेले दूध घालून झाकण ठेवले की अंघोळ आटोपेपर्यंत न्याहारी तयार होते. हाच कोरडा डबा पाळीवरही नेता येतो.

न बोलावलेले पाहुणे

आरोग्यासाठी आणलेले ओट्स पुष्कळ घरांत टाकून द्यावे लागतात ते कीटकांमुळे. हौसेने मोठे पाकीट आणले जाते, आठ दिवस वापरले जाते आणि मग ते मागे सारले जाते. पावसाळ्यात जेव्हा पुन्हा उघडले जाते, तेव्हा आत वसाहत नांदत असते.

या वसाहतीतील प्रमुख रहिवासी म्हणजे दातेरी भुंगेरा, ओरायझीफिलस सुरिनामेन्सिस. सुमारे ३ मिलिमीटर लांबीचा, तपकिरी आणि अत्यंत चपटा असा हा कीटक भिंगाखाली पाहिल्यास वक्षाच्या दोन्ही कडांवर सहा-सहा दात दिसतात. चपटेपणामुळे तो पाकिटाच्या दुमडीतून आणि सैल झाकणाच्या फटीतून सहज शिरतो. अखंड, निरोगी दाणा त्याला फोडता येत नाही. परंतु चपटे केलेले ओट्स, रवा, दलिया आणि सुका मेवा हे त्याचे आवडते खाद्य. दुसरा, पिठातील तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम. संख्या वाढल्यावर त्याच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या क्विनोन वर्गातील रसायनांमुळे पिठाला गुलाबी छटा आणि उग्र वास येतो. असे धान्य भाजूनही खाण्यायोग्य होत नाही. तिसरा, तांदळावरील पतंग, कॉर्सिरा सेफॅलोनिका, ज्याची अळी रेशमी धाग्यांनी दाण्यांची ढेकळे बांधते. ट्रायकोकार्ड तयार करण्यासाठी प्रयोगशाळेत ज्या पतंगाची अंडी वापरली जातात तो हाच. शेतकऱ्याच्या शेतात मित्रकीटकाचा पोशिंदा असलेला हा पतंग घरातील डब्यात मात्र शत्रू ठरतो. पावसाळी दमटपणात यांच्या जोडीला धुळीच्या कणांएवढे सोसिड कीटकही दिसतात. त्यांची उपस्थिती म्हणजे धान्यात ओलावा शिरून बुरशी वाढू लागल्याची सूचना.

वाफ दिलेल्या ओट्समध्ये किडीची अंडी सहसा जिवंत राहत नाहीत. प्रादुर्भाव नंतर, म्हणजे गोदामात, दुकानात किंवा घरी होतो. ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात आणि दमट हवेत दातेरी भुंगेऱ्याची एक पिढी साधारण तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. या एका आकड्यावरून खरेदीचा नियम ठरवता येतो. रोज ४० ग्रॅम वापरणाऱ्या एका व्यक्तीला १ किलोचे पाकीट २५ दिवस पुरते. चार माणसांच्या घरात ते जेमतेम सहा दिवसांत संपते. उघडलेले पाकीट किडीची एक पिढी पूर्ण होण्याआधी संपेल एवढेच घ्यावे. एकट्या माणसाने पावसाळ्यात अर्ध्या किलोहून मोठे पाकीट आणू नये. वेष्टनावरील मुदतीची तारीख न उघडलेल्या पाकिटाला लागू असते, हेही ध्यानात ठेवावे.

घरी आणल्यावर पाकीट उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सलग चार दिवस ठेवल्यास आत शिरलेली अंडी व अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये; नाहीतर दवासारखे पाणी धरते. त्यानंतर ओट्स रबरी कडेच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावेत. जुन्या तळावर नवे धान्य कधीही ओतू नये, कारण तळाशी उरलेला चुराच पुढील पिढीचे पाळणाघर ठरतो. बरणी रिकामी करावी, धुवावी, उन्हात कडक वाळवावी आणि मगच भरावी. कपाटाच्या फटींतील पीठही अधूनमधून झाडून काढावे.

एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा आहे. धान्यातील किडीसाठी काही घरांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कोठीत टाकल्या जातात. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो आणि त्यावर उतारा नाही. ही धुरी बंदिस्त गोदामात, प्रशिक्षित व्यक्तीनेच द्यावयाची असते. राहत्या घरात, झोपण्याच्या खोलीशेजारी तिला कोणतेही स्थान नाही. पाऱ्याच्या गोळ्या आणि कीटकनाशक भुकटीही थेट खाण्याच्या धान्यात मिसळू नयेत. दोन-चार आठवड्यांत संपणाऱ्या ओट्सना स्वच्छता, कोरडेपणा आणि हवाबंद बरणी एवढे संरक्षण पुरेसे आहे.

पाळी बदलते, शरीराचे घड्याळ बदलत नाही

न्याहारी काय खावी याइतकेच ती केव्हा खावी हेही महत्त्वाचे आहे. सजीवांच्या शरीरात दिवस-रात्रीचे अंतर्गत घड्याळ असते, याचा जनुकीय पुरावा प्रथम फळमाशीत मिळाला. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी या माशीतील तालबद्ध वर्तन बिघडवणारी उत्परिवर्तने वर्णिली. त्या घड्याळाची रेणवीय रचना उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. केळ्याच्या सालीवर घोंगावणाऱ्या माशीने उघड केलेले हे सत्य रात्रपाळीच्या कामगाराला थेट लागू पडते. रात्रीच्या वेळी शरीर शर्करा हाताळण्यात मंद असते. म्हणून रात्रपाळीतील मुख्य जेवण शक्यतो कामावर जाण्यापूर्वीच घ्यावे. सकाळी सहाला सुटून घरी परतल्यावर झोपण्याआधी भिजवलेल्या ओट्सची निम्मी वाटी पुरेशी असते. भुकेने मोडणारी झोप त्याने टळते आणि पोटही जड होत नाही. सकाळच्या पाळीला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी अर्धी आणि मधल्या सुट्टीत उरलेली अर्धी वाटी खाण्यास हरकत नाही. मात्र दूध-दह्याची वाटी भट्टीजवळच्या उष्ण जागेत ठेवू नये. तेथे कोरडे मिश्रणच न्यावे.

ओट्सच हवेत असे नाही

ओट्स परवडत नसतील किंवा मिळत नसतील, तर न्याहारी अडू नये. बीटा-ग्लुकन सातूतही चांगल्या प्रमाणात असते. सातूचे दाणे रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये शिजवता येतात किंवा आदल्या रात्री शिजवून, थंड करून शीतकपाटात ठेवता येतात. छत्तीसगडच्या डोंगराळ भागात पिकणारे कोदो, ज्याला कोकणात हरीक म्हणतात, आणि कुटकी ही भरडधान्येही उपयुक्त आहेत. त्यांत ओट्सएवढे बीटा-ग्लुकन नसले तरी तंतू आणि खनिजे आहेत, आणि त्यांचा पैसा जवळच्या शेतकऱ्याच्या हाती जातो. ही धान्ये वाफवलेली नसल्याने केवळ भिजवून खाता येत नाहीत. रात्री शिजवून सकाळी ताकात कालवावीत.

कोदोच्या बाबतीत साठवणुकीची काळजी दुप्पट घ्यावी. काढणीच्या वेळी पाऊस लागलेल्या कोदोवर बुरशी वाढून सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष तयार होऊ शकते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड येथे दहा हत्ती मृत्युमुखी पडले. तपासणीत त्यांच्या शरीरात हे विष आढळले. कणसे पूर्ण वाळल्यावर मळणी करणे, धान्य उन्हात पुन्हा सुकवणे आणि काळपट, कुबट वासाचे दाणे बाजूला काढणे ही कामे शेतकऱ्याच्या खळ्यावरच झाली पाहिजेत. ग्राहकाच्या वाटीतील न्याहारी निर्धोक असण्याची सुरुवात त्याच खळ्यावर होते.

भिलाईच्या घरासाठी या सर्वांतून रोजचे काम थोडकेच उरते. रात्रीचे जेवण आटोपल्यावर धान्य पाहून घेणे, स्वच्छ कोरड्या भांड्यात मोजून भिजवणे, भांडे थंड जागी ठेवणे आणि बरणीचे झाकण घट्ट लावणे, याला दहा मिनिटे लागतात. ओट्स असोत, सातू असो वा बासी, ही दहा मिनिटे दिल्यास पहाटे पाचला घर सोडणाऱ्याला उपाशी जावे लागणार नाही.